गिरणगावात कान तपासताना

अकोल्यात परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "दोन महिने मुंबईत होतीस, काय काय पाहिलंस?" मी सांगते, कान पाहिले. लोकांना वाटतं मी थट्टा करते. पण खरं तेच आहे. राणीची बाग दिसली ती बसच्या खिडकीतून. गेटवे राहूनच गेला. समुद्रावर रोज संध्याकाळी जायचं असं ठरवून गेले होते, प्रत्यक्षात चारदा गेले. बाकी सगळे दिवस लालबाग, परळ आणि डिलाईल रोडच्या चाळींत जिने चढण्या-उतरण्यात संपले. तरी या प्रवासातून मी जशी गेले तशी परतले नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी पुण्यात श्रवण आणि वाचा या विषयाचं शिक्षण घेते. सोप्या भाषेत सांगायचं तर, कान तपासायचे, मशीन बसवायचं, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला मदत करायची. शेवटच्या वर्षी दोन महिने बाहेर कुठेतरी इंटर्नशिप करावी लागते. वर्गातल्या बहुतेकांनी कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपन्या धरल्या. माझा अर्ज मामेबहिणीच्या लग्नामुळे दोन दिवस उशिरा पोचला, आणि उरलेली एकच जागा मला मिळाली: लालबागमधली एक छोटी सेवाभावी संस्था, गिरणीतून निवृत्त झालेल्या कामगारांचे कान तपासणारी.

मला वाईट वाटलं, पण फार नाही. माझं पुढचं सगळं आधीच ठरलेलं होतं. हैदराबादच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. तिथे तीन-चार वर्षं काढायची आणि मग अकोल्याला यायचं. बाबांचं गांधी रोडला चष्म्याचं दुकान आहे. त्यातलीच डावी बाजू मोकळी करून तिथे माझं कानाच्या मशीनचं काउंटर. "डोळे मी पाहतो, कान तू पाहा," असं बाबा येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायचे. मुंबईचे दोन महिने म्हणजे मध्ये लागलेलं एक स्टेशन, एवढंच.

गिरगाव

राहायची सोय गिरगावात झाली. बाबांची आत्येबहीण, कमलआत्या, तिथल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. शाळेत मास्तरीण होती, आता निवृत्त. घर म्हणजे दीड खोली आणि समोर लांबलचक गॅलरी, पण त्या दीड खोलीत चार पाहुणे आले तरी तिला काही वाटत नाही.

पहिला धडा दाराचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये सकाळी दहालाच दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून माणसं आत बसतात. मीही पहिल्या दुपारी सवयीने दार लावून आडवी झाले. अर्ध्या तासात तीन बायका दार ठोठावून गेल्या. तिसरीने तर आत येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. संध्याकाळी आत्या हसत म्हणाली, "अगं, इथे भर दुपारी दार लावलं म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे, नाहीतर भांडण झालंय."

दुसरा धडा घामाचा. अकोल्याचं ऊन पंचेचाळीसला गेलं तरी घाम वाळतो. मुंबईत ऊन कमी, पण घाम अंगावरच मुक्कामाला येतो. तिसरा धडा आमटीतल्या गुळाचा. मी घरून बाटलीभर ठेचा नेला होता. आत्याने हौसेने बोटावर घेऊन चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "ही मिरची आहे की शिक्षा?" त्यानंतर ती बाटली माझ्या पानाशेजारी ठेवायची आणि स्वतः दोन हात लांब बसायची.

लालबाग

संस्था एका मसाल्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत. एप्रिल-मे म्हणजे वर्षाचा मसाला करायचा मोसम. खाली डंकात मिरच्या कुटल्या जात आणि वर आम्ही शिंकत असू. कान तपासायला शांतता लागते. इतकी की माणसाला बारीकातला बारीक सूर ऐकू आला तर त्याने बोट वर करायचं. पुण्यात आमच्या कॉलेजात त्यासाठी काचेची बंद खोली आहे. इथे मागच्या खोलीच्या कोपऱ्यात एक लाकडी खोका उभा केला होता, माणूस खुर्चीवर बसेल एवढा, आणि त्याला आतून गोधड्या ठोकल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या, धुवट, मऊ गोधड्या. बाहेरचा आवाज बऱ्यापैकी तुटायचा, पण आत इतकं उबदार व्हायचं की म्हातारी माणसं बोट वर करता करता झोपून जात. पहिल्या दिवशी मी एका आजोबांच्या कागदावर 'पूर्ण बहिरेपण' लिहिलं. ते घोरत होते.

संस्था चालवतात त्या सावंतबाई. साठीच्या, बारीक, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आणि हे काम सुरू केलं. माझा तो कागद त्यांनी वाचला, आजोबांना हलवून उठवलं, चहा दिला आणि पुन्हा तपासलं. मग माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

दोन आठवडे मी तपासण्या केल्या. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, काम केलेली माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्या खडखडाटात उभी होती. जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच: "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." मी मशीनं बसवत गेले. मशीन लावल्यावर माणूस दचकून इकडेतिकडे पाहतो, हसतो, तेव्हा मला फार छान वाटायचं. वहीत मी रोज आकडा लिहायचे.

तिसऱ्या सोमवारी सावंतबाईंनी माझ्या हातात एक यादी दिली. "ही मशीनं आपण सहा महिन्यांपूर्वी दिली. आता घरोघर जा आणि ती कुठे आहेत ते बघून ये."

"कुठे म्हणजे? कानात असतील."

"बघून ये," त्या म्हणाल्या.

आठवडाभर फिरले. एक मशीन देवघरात गणपतीच्या मागे होतं. एक कपाटात दागिन्यांबरोबर. एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला लटकवलेलं. एका आजींनी ते मुलाच्या लग्नात घालायचं म्हणून जपून ठेवलं होतं. कानात होती ती इतकी थोडी की मला लाज वाटली. ज्या कामाची मी वहीत मोजदाद करत होते, ते मुळात झालेलंच नव्हतं.

डिलाईल रोड

त्या यादीत शांताराम घाडी हे नाव होतं. डिलाईल रोडच्या एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. सगळे त्यांना तात्या म्हणतात. मूळचे मालवणकडचे. वय पासष्टच्या पुढे, पण ताठ. मी गेले तेव्हा गॅलरीत स्टुलावर बसून मांडीवरच्या नातीशी खेळत होते. नात आर्या, तीन वर्षांची, मोठ्ठे डोळे.

"काय गो बाय, माझा मशीन बघूक इलंस?" त्यांनी माझ्या ओठांकडे बघत विचारलं. "तां तांदळाच्या डब्यात असा."

त्यांच्या बायकोने, काकूंनी, खरंच डब्यात हात घालून मशीन काढून दाखवलं. तांदळात दमट होत नाही म्हणे.

"घालत का नाही?"

"शिटी मारता मेला. गिरणीत मुकादम शिटी मारी तसा."

मशीन कानात सैल बसलं की शिटी वाजते. त्याला उपाय आहे. कानाचा ठसा घेऊन त्याच मापाचा तुकडा बनवतात. मी उत्साहाने म्हटलं, "तात्या, तुमच्या कानाचा साचा घेते, मग शिटी बंद."

तात्या काकूंकडे बघून हसायलाच लागले. गिरणीत मागाला साचा म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "साच्यान माझो कान नेल्यान," ते म्हणाले, "आणि आता तू कानातच साचो घालतलंस?"

हसणं ओसरल्यावर माझ्याशी ते मुंबईच्या मराठीत बोलू लागले. संपाची गोष्ट सांगितली, पण मी ऐकलेल्या कुठल्याच गोष्टीसारखी ती नव्हती. "गिरणीत सगळेच बहिरे. मग कुणाला कळणार कोण किती बहिरा? आम्ही हातांनी बोलायचो, ओठ वाचायचो. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम, आला. अंगठा असा खाली ओढला की धागा तुटला. संप झाला, गिरण्या बंद पडल्या. भोंगा बंद, साचे बंद. मला वाटलं, गिरणगाव शांत झालंय म्हणून काही ऐकू येत नाही. दोन-तीन महिने असंच वाटत होतं. मग एक दिवस ही समोर बसून काहीतरी सांगत होती. रडत होती. तोंड हलताना दिसत होतं. शब्द एकपण नाही." ते थांबले. "तेव्हा कळलं की शांत गिरणगाव नाही, मी झालोय."

पुढे वॉचमनची नोकरी मिळाली, ती गाडीचा हॉर्न ऐकू न आल्याने गेली. मग घरी बसून पिशव्या शिवल्या. मुलगा मोठा झाला, कुरियर कंपनीत लागला, लग्न झालं. "आता माझं काही अडत नाही," तात्या म्हणाले. ते खरंही वाटत होतं. त्या घरात सगळेच हातांनी बोलत. काकू, मुलगा, सून स्नेहलवहिनी, सगळे समोर येऊन, चेहरा दाखवून, खुणा करून बोलायचे. आणि आर्या तर आजोबांची चेलीच. पोटावर हात फिरवला की भूक, गाल फुगवले की काकू रागावली, मिशीला पीळ दिला की बाबा आले. ती एकही शब्द बोलत नव्हती, पण सगळं समजत होती. "उशिरा बोलेल," काकू म्हणाल्या. "ह्यांच्याच वळणावर गेली."

त्या दुपारी काकूंनी मला जेवायलाच बसवलं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी मटण खाणाऱ्या घरातली, पण मासा कधी खाल्लेला नव्हता. बोंबलाचा काटा चावून खाता येतो असं सांगितल्यावर मी पुढच्या माशाचा, बांगड्याचा, काटाही धीटपणे चावला. मग ठसका, भाताचे गोळे, पाठीवर थापट्या. आर्याला ते इतकं आवडलं की तिने तात्यांना माझ्या ठसक्याची नक्कल करून दाखवली. हुबेहूब.

परतताना बसमध्ये मी वहीत लिहिलं: 'नात फार हुशार.' मी, चार वर्षं हेच शिकणारी, दोन तास त्या मुलीसमोर बसले होते आणि एवढंच लिहिलं.

पुन्हा डिलाईल रोड

त्या भेटीत घेतलेल्या ठशावरून आठवड्याने तात्यांच्या कानाच्या मापाचा तुकडा तयार होऊन आला, तो बसवायला गेले. तात्या मशीन लावून घेऊन दोन मिनिटं बसले, "बरा असा" म्हणाले, आणि काढून ठेवलं. मी हिरमुसून पिशवी आवरत होते, तेवढ्यात आत मोरीजवळ स्टीलचा भलामोठा टोप घरंगळून पडला. काकू ओरडल्या. शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, काय पडलं हो? मी स्वतः दचकले.

आर्या टोपापासून चार हातांवर, आमच्याकडे पाठ करून, बाहुलीच्या डोक्यावर फडकं बांधत होती. तिने मानही वळवली नाही.

मी तिच्या मागे गेले, हाक मारली. ताटावर चमचा आपटला. पुन्हा आपटला. काही नाही. तिची नजर माझ्या सावलीवर गेली तेव्हा ती वळली आणि हसली.

सगळं एका क्षणात लख्ख दिसलं. ज्या घरात सगळे समोर येऊन हातांनी बोलतात, तिथे ऐकू न येणारं मूल कुणाच्या लक्षात येणार? तिला खरंच सगळं समजत होतं, डोळ्यांनी.

तेव्हा मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. स्नेहलवहिनी पाण्याची कळशी घेऊन गॅलरीतून येत होत्या. मी दारातच, आजूबाजूच्या बायका उभ्या असताना, म्हणाले, "वहिनी, आर्याला ऐकू येत नाही. बोलत नाही ती त्यामुळेच."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "तुम्ही म्हाताऱ्यांचे कान तपासायला आलात ना मॅडम? तेवढंच करा." आणि आर्याला उचलून आत गेल्या. त्या चाळीत दिवसाढवळ्या एक दार लागलं.

लालबागला येऊन मी सावंतबाईंना सगळं सांगितलं. मला वाटत होतं, त्या म्हणतील, शाबास, बरोबर ओळखलंस. त्यांनी विचारलं, "सांगितलंस कुठे?"

"दारात."

"बसायला सांगितलं होतंस तिला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"रोहिणी, तीन वर्षं ती मुलगी तिच्यासाठी शहाणी होती. तू एका वाक्यात ते काढून घेतलंस, आणि चार माणसांदेखत. निदान बरोबर असेलही. पण आता ती दार उघडणार नाही, आणि नुकसान कुणाचं होणार? मुलीचं. बोलायला शिकायचं वय थांबून राहत नाही." मग थोडं नरमून म्हणाल्या, "जा. रोज जा. काही सांगू नकोस. नुसती बस."

मी पाच दिवस गेले. वहिनी माझ्याकडे बघायच्या नाहीत. मी गॅलरीत तात्यांजवळ बसायचे आणि ते मला साचेखात्याच्या खुणा शिकवायचे. पाचव्या दिवशी अचानक त्यांनी विचारलं, "ह्यां माझ्यामुळां झाला काय गो?"

"नाही तात्या." मी त्यांच्या समोर, ओठ दिसतील अशी बसले. "तुमचे कान आवाजाने गेले. ते रक्तातून पुढे जात नाही. आणि अजून तपासलेलंही नाही. माझी चूकसुद्धा असेल."

तात्या उठून आत गेले आणि आर्याच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर उचलले, आणि तसेच थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "माका कमी ऐकाक येता. टाळी किती मोठी वाजता तां माका कळाक होया." तांदळाच्या डब्यातून मशीन काढलं आणि स्वतःच्या हाताने कानात घातलं.

मग टाळी वाजवली. ते स्वतःच दचकले, इतकी मोठी. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा. आर्या बाहुलीला निजवत होती.

स्नेहलवहिनी शेगडीपाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. तात्यांचे हात खाली आले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. वहिनींनी गॅस बंद केला, पदराने हात पुसले आणि मला पहिल्यांदा विचारलं, "तपासायला किती वाजता जायचं उद्या?"

परळ

परळच्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांची तपासणी मूल झोपेत असताना करतात. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदू काय म्हणतो ते यंत्र लिहून घेतं. म्हणून सांगितलं होतं, सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका. वहिनींनी पहाटे उठवलं. आर्या बसमध्ये बसली आणि पहिल्याच स्टॉपला गाढ झोपली. आम्ही गाल थोपटले, डोळ्यांवर पाणी मारलं. रुग्णालयाच्या दारात ती टवटवीत होऊन जागी झाली आणि पुढचे चार तास त्या वॉर्डातल्या प्रत्येक आजाऱ्याला भेटून आली. तपासणी झाली नाही.

दुसऱ्या खेपेला तात्यांनी कामगिरी हातात घेतली. पहाटेपासून तिला चालवत चालवत आधी लालबागच्या बाजारात फिरवलं, मग परळपर्यंत पायी आणलं. आजोबा-नात दोघंही घामाघूम. ती बाकावरच झोपली. तात्याही झोपले.

निकाल दुपारी मिळाला. दोन्ही कानांनी फारच कमी, पण अगदी शून्य नाही. सावंतबाईही आल्या होत्या. डॉक्टरांनी समजावल्यावर त्यांनी वहिनींना बाजूच्या रिकाम्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या. मला दार लावायला सांगितलं. मग वहिनींनी माझ्याकडे बघून विचारलं, "ती मला आई म्हणणार कधी?"

कॉलेजात या प्रश्नाची उत्तरं शिकवतात. टक्केवारी असते, वयोगट असतात. मी म्हटलं, "माहीत नाही वहिनी. पण आजपासून रोज काय करायचं ते माहीत आहे. मी येईन."

त्या रडल्या नाहीत. "या," एवढंच म्हणाल्या.

पुढचे दिवस

मशीन लावल्याबरोबर मूल हसतं, टाळ्या पिटतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आर्याने किंचाळून दोन्ही मशीनं उपटली आणि एक गॅलरीतून खाली फेकलं. अख्खी चाळ अंगणात गुडघ्यांवर बसून शोधत होती. शेवटी ते तळमजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये सापडलं. त्या काकू म्हणाल्या, "बरं झालं, तळलं नाही ते!"

तोड तात्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आर्यासमोर बसले, तिला दाखवत दाखवत स्वतःचं मशीन कानात घातलं आणि म्हणाले, "चल, गिरणीतल्यासारखी आपल्या दोघांची पाळी सुरू झाली." तिने टक लावून पाहिलं. आजोबांच्या कानाला हात लावला, मग स्वतःच्या. त्या दिवशी पाळी दहा मिनिटं चालली. पुढच्या दिवशी पंधरा. तात्यांना ते मुळीच सोसत नव्हतं. काकूंच्या भांड्यांचा आवाज त्यांना डोक्यात घण घातल्यासारखा लागायचा, कपाळाच्या शिरा दिसायच्या. पण पाळी संपेपर्यंत त्यांनी मशीनला हात लावला नाही.

मी रोज चारला तिथे असायचे. डबा वाजवायचा, ती बघते का पाहायचं, आणि बघितलं नाही तरी पुन्हा वाजवायचा. वहिनी शिकल्या. माझ्यापेक्षा चांगल्या शिकल्या. भाकरी थापतानासुद्धा प्रत्येक थापेला आर्याचा हात परातीवर ठेवायच्या.

माझी निघायची वेळ आली त्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट. चारची पाळी चालू होती. वरळीच्या कोळीवाड्यातली एक मावशी टोपली घेऊन जिना चढत होती. तिचा आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला कळावं. "पापलेऽऽट, सुरमईऽऽ!" आर्याचा हात हवेत थांबला. डोळे मोठे झाले. ती दाराकडे वळली, आमच्यापैकी कुणीच दाराकडे बघितलेलं नसताना. कोळीण अजून जिन्यातच होती, दिसत नव्हती.

वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. मावशी दारात आली तेव्हा काकूंनी तिला हाताला धरून आत बसवलं आणि म्हणाल्या, "परत ओरड."

"घरात येऊन काय ओरडू? घ्यायचा असेल तर घ्या."

"सगळे घेते. तू ओरड!"

ती बिचारी गोंधळून पुन्हा ओरडली. आर्या तिच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या गळ्याला हात लावून पाहिला. तात्या कान दोन्ही हातांनी दाबून हसत होते. "माझा मशीन फुटात!" त्या दिवशी मी चार तुकडे सुरमई खाल्ली, काटा न लागता.

दादर

शेवटच्या दिवशी सावंतबाईंनी मला दादरला एका जुन्या उपाहारगृहात पियूष पाजलं. हैदराबादच्या कंपनीचा फोन सकाळीच येऊन गेला होता; दोन आठवड्यांत कळवायचं होतं. मी विचारलं, "काय करू?"

मला वाटलं होतं त्या सेवेबिवेबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "नोकरी चांगली आहे. मशीन विकणं वाईट नाही, ती कुणीतरी विकायलाच हवीत. मी तुला काही सांगणार नाही. तुझ्या जिल्ह्यात बहिरी मुलं कितव्या वर्षी सापडतात, तेवढं फक्त बघ."

घरी येऊन मी ते बघितलं. आमच्याकडच्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊन बसले. एकेका आईला विचारलं, कधी कळलं? कुणाचं पाचव्या वर्षी, कुणाचं सहाव्या. एकीचं शाळेत नाव घालताना मास्तरांनी हजेरी घेतली तेव्हा. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते दुकानात काचा पुसत होते. सगळं ऐकून घेतलं. "मंग हैदराबाद?"

"नाही जात बाबा. अजून एक वर्ष शिकते, लहान मुलांचंच. मग इथेच काम करते. काउंटरचं नंतर बघू."

बाबांनी आणखी दोन काचा पुसल्या. वाईट वाटलं त्यांना, मला दिसलं. मग म्हणाले, "पोराले चष्मा लागते हे बी आमाले शाळेतूनच समजते. उशिराच समजते." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्त्री रुग्णालयातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

स्नेहलवहिनींचा अधूनमधून फोन येतो. आर्या अजून आई म्हणत नाही. पण पाळी आता दिवसभराची झाली आहे, आणि ती ओठ मिटून 'म' काढते. भूक लागली की, रागावली की, उगाचसुद्धा.

माझी परीक्षा झाली. निकाल लागायचा आहे. गेल्या मंगळवारपासून मी स्त्री रुग्णालयात लसीच्या रांगेशी बसते. नऊ महिन्यांची बाळं गोवराच्या लसीसाठी येतात, आयांच्या मांडीवर. मी मागे जाऊन खुळखुळा वाजवते. बहुतेक बाळं गर्रकन वळतात, आणि आया हसून म्हणतात, एवढंच होतं का? पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत सगळी वळली. मग बार्शीटाकळीकडून आलेल्या एका बाईचं बाळ वळलं नाही. पुन्हा वाजवला. दुसऱ्या बाजूने वाजवला. रांगेतल्या बायका बघायला लागल्या होत्या, आणि ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी खुळखुळा खिशात ठेवला. तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, खुर्ची दिली, आणि तिचं नाव विचारलं.